कर्करोग-रक्तरोगतज्ज्ञ व्हायचं तर : परीक्षांची वाट आणि वॉर्डातला क्रम

ऑन्कॉलॉजिस्ट (कर्करोगतज्ज्ञ) किंवा हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तरोगतज्ज्ञ) व्हायचं मनात असेल तर आधी वर्षांचा हिशेब मांडा. एमबीबीएसची साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप, मग एमडीची तीन आणि डीएम या सुपरस्पेशालिटी पदवीची तीन. झाली साडेअकरा. त्यात सरकारी कॉलेजचा बाँड आणि नीट-पीजी (एमडीसाठी) आणि नीट-एसएस (डीएमसाठी) या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत जाणारे महिने धरले की स्वतःच्या सहीनं केमोची ऑर्डर लिहायला तिशी उलटते. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे दर दिवाळीला ‘अजून किती वर्षं शिकणार?’ हा प्रश्न येणार नाही. येईलच, पण जरा कमी येईल.

पुढचं सगळं एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षात, इंटर्नशिपमध्ये किंवा एमडीत असलेल्यांसाठी आहे. परीक्षांचा भाग आधी आटपून घेऊ. या शाखेत औषधांची नावं अवघड आणि किमती त्याहून अवघड असल्या तरी बहुतेक घोटाळे साध्या जागी होतात. नमुना घ्यायच्या आधी औषध गेलं, वजन न करता डोस लिहिला, तुकडा तपासायच्या आधी स्टेरॉइड सुरू झालं. कशाच्या आधी काय करायचं, हे ज्याच्या हाडात मुरलं त्याला ही शाखा जमते.

कुठून शिरायचं

अमेरिकेत रक्तरोग आणि कर्करोग यांची मिळून तीन वर्षांची एकच फेलोशिप असते. भारतात दोन वेगळ्या डीएम आहेत : मेडिकल ऑन्कॉलॉजी आणि क्लिनिकल हिमॅटॉलॉजी. मेडिकल ऑन्कॉलॉजीसाठी एमडी मेडिसिन, पीडिॲट्रिक्स आणि रेडिओथेरपीवाले बसतात; हिमॅटॉलॉजीसाठी मेडिसिन, पीडिॲट्रिक्स आणि पॅथॉलॉजीवाले. नीट-एसएस घेणाऱ्या एनबीईएमएस या मंडळाचं दरवर्षीचं माहितीपत्रक वाचूनच फॉर्म भरा, कारण पात्रतेचे तपशील बदलतात आणि सीनियरनं सांगितलेला नियम बरेचदा त्याच्या वर्षाचा असतो. एम्स दिल्ली, पीजीआय चंदीगड यांसारख्या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांची आयएनआय-एसएस ही वेगळी परीक्षा आहे. ज्यांना डीएम मिळत नाही त्यांना डीआरएनबी या समकक्ष पदवीची वाट आहे. तीही तीन वर्षांची.

आता दोन्हींतली निवड. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे आजार दोन्हीकडे येतात. फरक बाकीच्या पेशंटमध्ये आहे. ऑन्कॉलॉजीच्या ओपीडीत स्तन, फुप्फुस, तोंड, आतडं, अंडाशय. हिमॅटॉलॉजीच्या ओपीडीत ॲप्लास्टिक ॲनिमिया, थॅलसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) आणि रक्तात गाठी होणारे. सर्जन आणि रेडिएशनवाल्यांबरोबर बसून निर्णय घ्यायला आवडत असेल तर पहिलं घ्या. सूक्ष्मदर्शकाशी जमत असेल आणि एकच पेशंट वीस वर्षं सांभाळायची तयारी असेल तर दुसरं.

सीट निवडताना संस्थेच्या नावाइतकंच आतलं विचारा. वर्षाला किती बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतात, फ्लो सायटोमेट्री (पेशींचा प्रकार ओळखणारी तपासणी) त्याच इमारतीत आहे की नमुना बाहेर जातो, रात्री रेसिडेंटला रक्तपेढीतून इर्रेडिएटेड (किरणांखालून काढलेलं) रक्त मिळतं का, ट्यूमर बोर्डात (सगळ्या शाखांचे डॉक्टर पेशंटवर चर्चा करतात त्या बैठकीत) रेसिडेंटला बोलू देतात का. परळचं टाटा मेमोरियल १९४१ साली उघडलं, आणि भारतातलं दुसऱ्याचा बोन मॅरो देऊन केलेलं पहिलं ट्रान्सप्लांट १९८३ मध्ये तिथेच झालं. तिथे काम आजारांनुसार गटांत वाटलेलं असतं, त्यामुळे एकाच आजाराचे पेशंट ढिगानं बघायला मिळतात. लहान विभागात उलट : संख्या कमी, पण सगळ्या प्रकारचं हाताखालून जातं. दोन्हींत काहीतरी सुटतंच. जे सुटलं ते भरून काढायला नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या उपचारपद्धती फुकट उपलब्ध आहेत, त्या रेसिडेन्सीतच वाचायला घ्या.

काच स्वतः बघा

डीएमच्या पहिल्याच महिन्यात लावून घ्यायची सवय : रिपोर्ट हातात आला तरी रक्ताची काच (थेंब पसरवलेली काचपट्टी) स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. मशीन आकडे देतं, पेशी दाखवत नाही.

उदाहरण घ्या. धडधाकट माणूस, अंगावर एक डाग नाही, आणि प्लेटलेट २०,०००. घाबरून भरती करण्याआधी काचेची पिसासारखी विरळ होत गेलेली कड बघा. तिथे प्लेटलेटचे पुंजके दिसले तर दोष जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाचा आहे, माणसाचा नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजा आणि आलेल्या आकड्याला १.१ नं गुणा, कारण सायट्रेट द्रव असल्यानं रक्त थोडं पातळ होतं. असा माणूस ‘आयटीपी’ म्हणून महिनोन् महिने स्टेरॉइड खाताना सापडू शकतो.

दुसरं आपल्याकडचं नेहमीचं : पक्के शाकाहारी गृहस्थ, हिमोग्लोबिन ५, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारा घटक) हजारांत. बाहेरून ‘ब्लड कॅन्सरची शंका’ अशी चिठ्ठी घेऊन येतात, सोबत अर्धं घर रडत. काचेवर मोठ्या अंडाकृती लाल पेशी आणि पाच-सहा पाळ्यांच्या न्यूट्रोफिल दिसल्या की बी१२ चा नमुना आधी पाठवा, मगच इंजेक्शन द्या. पाच ते सात दिवसांत रेटिक्युलोसाइट, म्हणजे कोवळ्या लाल पेशी, उसळतात. नुसती फोलिक ॲसिडची गोळी देऊन वाट बघू नका. रक्त सुधारेल, पण मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहील. आणि हो, अशा पेशंटचा बोन मॅरो घाईनं केला तर त्यातल्या विचित्र पेशी बघून नवखा पॅथॉलॉजिस्टही फसतो.

तिसरं : लोहाच्या गोळ्या वर्षभर खाऊनही हिमोग्लोबिन १०च्या वर न जाणारी मुलगी. एमसीव्हीला (लाल पेशीच्या सरासरी आकाराला) लाल पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येनं भागा. ६२ भागिले ५.६ म्हणजे साधारण ११. तेराच्या खाली आलं तर थॅलसेमिया मायनर मनात धरा आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. लोह खूपच कमी असेल तर त्यातलं एचबीए२, ज्यावरून थॅलसेमिया मायनर ओळखतात, खोटंच कमी दिसू शकतं, म्हणून आधी फेरिटिन (लोहाचा साठा) बघून लोह भरून काढा. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत किंवा कच्छी लोहाणा कुटुंबांत हा प्रश्न लग्नाआधी विचारायचा असतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे हाच प्रश्न सिकलसेलचा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ मध्ये सुरू झाली असली तरी वाहकाला त्याचा रिपोर्ट नीट समजावून सांगणं हे शेवटी ओपीडीतच घडतं.

पावसाळ्यात डेंगीचे फोन येतील. रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट चढवायची घाई नको. १०,००० च्या खाली गेल्यावर विचार सुरू होतो. पपईच्या पानांच्या रसाबद्दल नातेवाइकांशी वाद घालण्यापेक्षा हिमॅटोक्रिट आणि लघवीचं प्रमाण बघण्यात वेळ घालवा.

गाठीचा तुकडा आधी

मानेत गाठ, संध्याकाळी ताप, वजन उतरलेलं. आपल्याकडे पहिला विचार टीबीचा येतो आणि तो चुकीचा नाही. चूक तिथे होते जिथे तुकडा न काढता टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि तीन महिन्यांनी गाठ दुप्पट होऊन पेशंट तुमच्याकडे येतो. लिम्फोमाच्या निदानाला सुईनं घेतलेल्या पेशी पुरत नाहीत, गाठीची रचना दिसावी लागते. शक्य असेल तर पूर्ण गाठ काढा. मानेत, काखेत, जांघेत अशा बऱ्याच असतील तर जांघेतली शेवटी, कारण तिथे पायाच्या जखमांनी सुजलेल्या निरुपयोगी गाठी असतात. सर्जनला स्पष्ट लिहून द्या : अर्धी गाठ फॉर्मलिनमध्ये, एक तुकडा सलाईनमध्ये टीबीच्या कल्चर आणि जीन एक्सपर्टसाठी. सगळी गाठ फॉर्मलिनमध्ये बुडाली की कल्चर संपलं.

आणि तुकडा निघेपर्यंत स्टेरॉइड नाही. डेक्सा या स्टेरॉइडच्या दोन दिवसांत लिम्फोमाच्या पेशी विरघळतात आणि पॅथॉलॉजिस्टच्या हाती ‘नेक्रोसिस, निष्कर्ष नाही’ एवढंच लागतं. श्वासनलिका दाबली जात असेल तर गोष्ट वेगळी. तिथेही जवळची, भूल देऊन पटकन निघेल अशी गाठ आधी शोधा.

बोन मॅरो : सुईपासून नळीपर्यंत

बोन मॅरोचा नमुना काढणं हे काम हातानं शिकायचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

पेशंटला कुशीवर झोपवा, गुडघे पोटाशी. कमरेच्या मागे दोन्ही बाजूंना जे खळगे दिसतात तिथेच हाडाचा उंचवटा लागतो. जाड माणसात बोटानं चाचपडून शोधावा लागतो. त्वचा पुसून २ टक्के लिग्नोकेन घ्या. कातडीखाली एक-दोन मिली, बाकी हाडाच्या आवरणावर, रुपयाएवढ्या जागेत चार-पाच ठिकाणी टोचून. दुखतं ते आवरणाला, कातडीला नाही. मोठ्या माणसात एकूण ८ ते १० मिलीत काम होतं. नंतर पाच मिनिटं थांबा. ही पाच मिनिटं कोणी थांबत नाही आणि मग पेशंट ओरडतो. हाडातून ओढताना होणारी कळ मात्र लिग्नोकेननं जात नाही. ‘आता दोन सेकंद पायात कळ जाईल’ असं आधी सांगा.

सुई हाडात घट्ट बसली की आतली सळई काढा, २० मिलीची सिरिंज लावा आणि जोरात पण थोडंच ओढा. पहिल्या ओढीला पाव ते अर्धा मिली, बस. काच याच रक्ताची. लोभानं दोन मिली ओढलं तर ते मॅरो नसून बाजूचं रक्त असतं आणि ब्लास्टची (अपक्व पेशींची) टक्केवारी खोटी कमी येते. काचेवर मोत्यासारखे बारीक कण दिसले तर नमुना चांगला. नंतर सुई किंचित फिरवून दुसऱ्या ओढीचं रक्त नळ्यांत : फ्लो आणि पीसीआरसाठी ईडीटीए, कॅरिओटाइपसाठी सोडियम हेपारिन. इथे नळी चुकली तर गुणसूत्रांच्या तपासणीत पेशी वाढत नाहीत, आणि तोवर उपचार सुरू झालेले असल्यानं पुन्हा घेताही येत नाही. नळीवर नाव आणि नंबर पेशंटच्या पलंगाशीच लिहा, ड्रेसिंग टेबलावर नंतर नव्हे.

तुकड्यासाठी कातडीचं भोक तेच, पण हाडाची जागा सेंटिमीटरभर बाजूला; ओढलेल्या जागीच घेतला तर तुकड्यात नुसतं रक्त भरलेलं येतं. दीड ते दोन सेंमी आत गेल्यावर सुई दोन्ही दिशांनी पुऱ्या गोल फिरवा, जराशी हलवा म्हणजे तुकडा मुळातून तुटेल, आणि फिरवत हळू बाहेर काढा. तुकडा बाहेर ढकलताना सळई टोकाकडून घालून मुठीकडून काढायची, कारण टोक निमुळतं असतं. फॉर्मलिनमध्ये टाकण्याआधी तो काचेवर दोन-तीनदा अलगद टेकवा. मायलोफायब्रोसिस किंवा हेअरी सेल ल्युकेमियात सुईतून काही निघत नाही, तेव्हा हे टेकवलेले ठसेच निदान देतात.

फॉर्मलिनची बाटली काचांजवळ उघडी ठेवू नका. तिच्या वाफेनं न रंगवलेल्या काचा खराब होतात, रंग निळसर गढूळ चढतो, आणि प्रयोगशाळा स्टेनला दोष देत बसते.

प्लेटलेट कमी असल्या तरी हे करता येतं, फक्त दाब दहा मिनिटं द्यायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या आणि हिमोफिलिया यांची चौकशी मात्र आधी हवी.

ऑर्डर लिहिताना

केमोच्या प्रत्येक सायकलला (फेरीला) उंची-वजन नव्यानं. मागच्या कागदावरून उतरवायचं नाही. डोस अंगाच्या क्षेत्रफळावर ठरतो, ते काढायला उंची सेंमीत आणि वजन किलोत घेऊन गुणा, ३६०० नं भागा, वर्गमूळ काढा. १६० सेंमी, ५८ किलो : ९२८० भागिले ३६००, वर्गमूळ १.६१ चौरस मीटर. या पेशंटला लिम्फोमाचं आर-चॉप हे पाच औषधांचं मिश्रण द्यायचं तर रिटुक्सिमॅब चौरस मीटरमागे ३७५ नं ६०० मिग्रॅ, सायक्लोफॉस्फमाइड ७५० नं १२००, डॉक्सोरुबिसिन ५० नं ८०. व्हिनक्रिस्टिन १.४ नं २.२५ येतं, पण लिहायचं २, कारण तिथे कमाल मर्यादा आहे. प्रेडनिसोलोन १०० मिग्रॅ पाच दिवस. दर २१ दिवसांनी.

सही करण्याआधी तीन गोष्टी तपासलेल्या हव्यात. एचबीएसएजी आणि ॲन्टी-एचबीसी या हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या. जुना बी कावीळ होऊन गेलेल्याला रिटुक्सिमॅब दिलं तर विषाणू परत उसळून यकृत निकामी होऊ शकतं, म्हणून त्याला एन्टेकाविर किंवा टेनोफोविरचं संरक्षण रिटुक्सिमॅबच्या आधीपासून द्या आणि उपचार संपल्यावरही किमान वर्षभर चालू ठेवा. हृदयाचा इको, कारण डॉक्सोरुबिसिनचा आयुष्यभराचा हिशेब असतो : सहा सायकलमध्येच ३०० मिग्रॅ प्रति चौरस मीटर होतं आणि ४५० च्या पुढे हृदयाचा धोका झपाट्यानं वाढतो. आणि तरुण पेशंटला मुलांबद्दल विचारणं. वीर्य जपून ठेवायला एक-दोन दिवस लागतात; केमो झाल्यावर ते सुचून उपयोग नाही.

कार्बोप्लाटिनचा डोस मूत्रपिंडावर ठरतो, तिथे एक सापळा आहे. ५५ वर्षांची, ५० किलोची बाई, क्रिॲटिनिन ०.६. (१४० वजा वय) गुणिले वजन, भागिले (७२ गुणिले क्रिॲटिनिन), बायकांसाठी गुणिले ०.८५ : उत्तर साधारण ८४. एयूसी (रक्तात औषध किती राहावं याचं लक्ष्य) ५ साठी त्यात २५ मिळवून पाचनं गुणलं की ५४३ मिग्रॅ. पण तिचं क्रिॲटिनिन कमी आहे ते मूत्रपिंड उत्तम म्हणून नाही, तर अंगावर स्नायूच उरले नाहीत म्हणून. किमान ०.८ धरून हिशेब केला तर डोस ४४० च्या आत येतो. शंभर मिग्रॅचा हा फरक दोन आठवड्यांनी प्लेटलेटमध्ये दिसतो.

व्हिनक्रिस्टिनबद्दल एक नियम कधीही मोडायचा नाही. पाठीच्या मणक्यात गेलं तर माणूस जवळपास नक्की दगावतो. म्हणून ते सिरिंजमध्ये भरूच नका. ५० मिलीच्या सलाईनच्या पिशवीत द्या, म्हणजे मणक्याच्या सुईला ते जोडताच येणार नाही. मणक्यातलं मेथोट्रेक्झेट वेगळ्या वेळी, वेगळ्या खोलीत, शक्यतो वेगळ्या दिवशी.

ॲड्रियामायसिन, म्हणजे तेच लाल डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर निसटलं तर सुई ओढून काढू नका. आधी औषध थांबवा, त्याच सुईतून जितकं निघेल तितकं परत ओढा, मग काढा. बर्फाची पिशवी १५-२० मिनिटं, दिवसातून चार वेळा. डेक्सराझोक्सेन द्यायचं तर सहा तासांच्या आत. व्हिनक्रिस्टिन निसटलं तर उलट : ऊब द्या, बर्फ नाही. डे केअरच्या (केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या विभागाच्या) भिंतीवर हे दोन रकान्यांत लावून ठेवा, कारण त्या क्षणी कोणालाच आठवत नाही. आणि केमोसाठी शीर निवडताना मनगटाच्या आणि कोपराच्या सांध्यावरची टाळा.

ताप

केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. तेव्हा आलेल्या तापाला घड्याळ लावून वागायचं. १०१ फॅरनहाइट एकदा, किंवा १००.४ तासभर टिकलेला, आणि एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची संख्या) ५०० च्या खाली किंवा तिकडे चाललेला. एएनसी काढायला मशीनचा वेगळा आकडा लागत नाही : पांढऱ्या पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के म्हणजे ३६०.

दारात आल्यापासून साठ मिनिटांत पहिलं अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. त्याआधी ब्लड कल्चरचे दोन संच, पोर्ट किंवा पिक लाइन (शिरेत ठेवून दिलेली नळी) असेल तर एक तिच्यातून. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ४.५ ग्रॅम दर सहा तासांनी, किंवा सेफेपिम २ ग्रॅम दर आठ तासांनी. नंतर तुमच्या रुग्णालयातले जंतू कशाला जुमानतात त्यानुसार बदल. सीबीसीच्या रिपोर्टची, एक्स-रेची, बेड मिळण्याची वाट बघत औषध थांबवू नका. या पेशंटला पू होत नाही, छातीत कफ भरत नाही, कारण पू करायला पेशीच नाहीत. तोंड, दात, घसा, कॅन्युलाची जागा आणि गुदद्वाराभोवतालची कातडी डोळ्यांनी बघा. बोट घालून तपासणी नाही, गुदमार्गानं थर्मामीटर नाही, दंडात इंजेक्शन नाही.

हे सगळं पेशंट वेळेवर आला तर. म्हणून पहिल्या केमोच्या दिवशीच घरच्यांना वाटेल ते नाही, चांगलं डिजिटल थर्मामीटर घ्यायला लावा आणि सांगा : ताप मोजल्याशिवाय क्रोसिन नाही, १००.४ झाला की रात्र असो वा पहाट, फोन करायचा. ‘सकाळी बघू’ हे इथे चालत नाही.

त्या रात्रीच सुरू करायचं

बहुतेक कर्करोगांत आठवडाभर नीट तपासणीसाठी गेला तर बिघडत नाही. काही ठिकाणी तास मोजावे लागतात. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, प्लेटलेट कमी, फायब्रिनोजेन खाली आणि काचेवर काड्यांचे भारे भरलेल्या पेशी दिसल्या तर ॲक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया मानून चाला. पीसीआरचा रिपोर्ट यायला दिवस लागतील, पेशंट त्याआधी मेंदूत रक्त होऊन जाईल. ॲट्रा हे त्यावरचं खास औषध ४५ मिग्रॅ प्रति चौरस मीटर, दोन भागांत, त्याच रात्री. मघाच्या १.६१ चौरस मीटरच्या पेशंटला सकाळी ४० आणि रात्री ३० असं बसतं. कॅप्सूल दहाच्या असतात. वॉर्डच्या कपाटात निदान दोन-तीन दिवसांच्या ठेवा, कारण रात्री दोनला दुकानात मिळत नाहीत. प्लेटलेट ३०-५० हजारांच्या वर, फायब्रिनोजेन १५० च्या वर ठेवायचं. गळ्यातली लाइन, मणक्यातली सुई आत्ता नको. वेळेत सांभाळलं तर ल्युकेमियांमधला हा सर्वांत चांगला बरा होणारा प्रकार आहे.

दुसरी घाईची जागा म्हणजे ट्यूमर लायसिस : कर्करोगाच्या पेशी एकदम फुटून त्यांच्यातलं सगळं रक्तात येतं. पांढऱ्या पेशी लाखाच्या वर किंवा पोटात मोठा बर्किट लिम्फोमा असेल तर केमोआधीच सलाईन, दिवसाला चौरस मीटरमागे तीन लिटरपर्यंत, आणि पोटॅशियम, युरिक ॲसिड, फॉस्फरस, कॅल्शियम दर सहा-आठ तासांनी. युरिक ॲसिड तोडणारं रासब्युरिकेज देण्याआधी जी६पीडी हे एन्झाइम कमी नाही ना ते बघा, नाहीतर लाल पेशी फुटतात. दिल्यानंतर युरिक ॲसिडचा नमुना बर्फात ठेवूनच पाठवायचा. नळीतसुद्धा औषध काम करत राहतं आणि रिपोर्ट खोटा छान येतो.

नातेवाईक, पैसा, कागद

‘डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, खचून जातील.’ हे वाक्य रोज ऐकू येईल. भांडू नका, मान्यही करू नका. ‘मी स्वतःहून त्यांच्यावर काही लादणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही’ एवढं मुलाला सांगा. मग पेशंटपाशी बसा, उभं राहून नाही : ‘काका, हे कशानं होतंय असं तुम्हाला वाटतं? रिपोर्टमधलं सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?’ बरेच काका म्हणतात, ‘मला कळलंय, फक्त हिला सांगू नका.’ घरात प्रत्येक जण दुसऱ्याला वाचवत असतो.

खर्चाचं पहिल्याच भेटीत बोला. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. आधी केमो देऊन मग कागद भरता येत नाहीत. रेशन कार्ड, ओळखपत्र, तुकड्याचा रिपोर्ट घेऊन नातेवाइकांना त्याच दिवशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पाठवा. नावात ‘अण्णा’ आणि ‘अण्णासाहेब’ असा फरक असला तरी फाईल अडते. जेनेरिक औषधांची भीती काढून टाका : २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्लिव्हेकचं (म्हणजे इमॅटिनिबचं) पेटंट नाकारलं, आणि आज सीएमएल या ल्युकेमियाचा पेशंट इमॅटिनिब ४०० मिग्रॅची जेनेरिक गोळी रोज घेऊन कामावर जातो. फक्त बीसीआर-एबीएल (आजार किती उरला ते दाखवणारी तपासणी) दर तीन महिन्यांनी : तिसऱ्या महिन्यात १० टक्क्यांच्या आत, सहाव्यात १ च्या, बाराव्यात ०.१ च्या. आकडा वर चढला तर औषध बदलण्याआधी ‘गोळ्या रोज घेता का?’ हे विचारा. सणासुदीला, प्रवासात, उलटी झाली म्हणून सुटलेल्या गोळ्या पेशंट स्वतःहून सांगत नाही.

ट्रान्सप्लांट होऊ शकेल अशा पेशंटला सख्ख्या नातेवाइकांचं रक्त चढवू नका, भावानं कितीही आग्रह केला तरी. त्याला सांगा, तुझं रक्त रक्तपेढीत दुसऱ्यासाठी दे, तुझी खरी गरज पुढे मॅरो द्यायला लागेल.

जिल्ह्याच्या गावी बसायचं असेल तर

मुंबई-पुण्यात तज्ज्ञ दाटीवाटीनं आहेत. जळगाव, लातूर, सांगलीकडचा माणूस तीन आठवड्यांनी एकदा रात्रीची एसटी पकडून केमोला येतो. त्याची पुढची सायकल त्याच्या जिल्ह्यात देता आली तर मोठं काम आहे, पण डे केअर उघडण्याआधी चार गोष्टी लेखी ठरवा. केमो मिसळायला बायोसेफ्टी कॅबिनेट, उघड्या टेबलावर नाही. चोवीस तास चालणारी रक्तपेढी किती मिनिटांवर आहे. तापाचा पेशंट रात्री घेणारा आयसीयू कोणाचा, आणि तिथल्या ड्युटी डॉक्टरला साठ मिनिटांचा नियम माहीत आहे का. चौथं, तुम्ही गावाला गेलात तर फोन कोण उचलणार. शिवाय प्रत्येक पेशंटच्या खिशात एक कार्ड : आजाराचं नाव, दिलेली औषधं आणि तारीख, ‘ताप आल्यास तातडीनं शिरेतून अँटिबायोटिक’ ही ओळ मराठीत आणि इंग्रजीत, खाली दोन फोन नंबर. गावातला डॉक्टर रात्री ते वाचतो आणि पहिला डोस देऊनच गाडीत बसवतो.